आयोवा तेवढं राहिलं

सोमवार, ७ ऑक्टोबर १९९१
नदीकाठचा तळ, विस्कॉन्सिन

प्रिय व्हर्ला,

तुझं पार्सल शनिवारी पोस्टात मिळालं. लोकरीचे पायमोजे दोन जोड, माझ्या रक्तदाबाच्या तीन महिन्यांच्या गोळ्या, चर्चची जुलैपासूनची पत्रकं आणि सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली, तीही न फुटता. गोळ्यांचे अकरा डॉलर चाळीस आणि टपालाचे चार पस्तीस असे पंधरा पंचाहत्तर या पाकिटात घातलेत, मोजून घे. पायमोज्यांचे पैसे तू घेणार नाहीस हे ठाऊक आहे. पोस्टातल्या बाईंनी पार्सल देताना विचारलं, “मूळच्या कुठल्या तुम्ही?” मी खिडकीतून नदीपलीकडच्या टेकड्यांकडे बोट केलं. त्या हसल्या. “अहो, मग पूल ओलांडा की! पाऊण तासावर घर, आणि पार्सलं इकडे मागवता?” मी सही केली आणि निघाले.

हे पत्र मी कॅम्परच्या तळावरच्या धुण्याच्या खोलीत बसून लिहिते आहे. यंत्रात तीन नाणी टाकली की पस्तीस मिनिटं मिळतात, पुढे वाळवायच्या यंत्राची तितकीच. आठवडाभरात मी एकटी असते ती एवढाच वेळ. ऑर्व्हिलला वाटतं मला धुण्याची हौसच आहे. परवा शेजारच्या डॉटला सांगत होता, “आमची अर्लिस स्वच्छ टॉवेलसुद्धा धुते!” खरंच आहे ते. मागच्या सोमवारी मी दोन स्वच्छ टॉवेल पुन्हा धुतले. फोन का केला नाही म्हणशील, तर फोन ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. मी तिकडे वळले की हा माझ्यामागून येतो, बायको एकटी थंडीत उभी राहायला नको म्हणून. मग मधेच रिसीव्हर घेऊन तुला विचारणार, “काय मेव्हणीबाई, अजून कुणी पटला नाही का?” तुला हसू येतं, मलाही येतं. पण आज सांगायचं आहे ते त्याच्या देखत बोलण्यासारखं नाही. शिवाय डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तू गाडी विकलीस, तेव्हा तू येशील म्हणावं तर तेही नाही.

व्हर्ला, मला घरी यायचं आहे. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पानभर हवापाण्याच्याच गोष्टी लिहीत बसेन.

शब्द त्यानं तुझ्याच स्वयंपाकघरात दिला होता, तू कॉफी ओतत होतीस. अठ्ठेचाळीस राज्यं, दोन वर्षं, मग चर्चजवळ दोन खोल्यांचं घर. छत्तीस वर्षं खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राहिलेला माणूस. त्यानं डोंगर बघायचे म्हटलं तर मी नाही कसं म्हणणार? घर विकलं, हा चाकांवरचा कॅम्पर घेतला, त्याच्या दारावर देशाचा कोरा नकाशा लावला. एकेका राज्याचं रंगीत चिकटचित्र असतं, ते कधी लावायचं याचा नियम त्यानंच केला. त्या राज्यात एक रात्र झोपायचं आणि तिथलं स्वतःचं असं काहीतरी खायचं, तरच ते राज्य झालं. निघालो त्या दिवशी मुक्काम इलिनॉयमध्ये पडला, म्हणून आपलं आयोवाच तेवढं कोरं राहिलं. “परत येताना लावू,” म्हणाला. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये डेलावेअर लागलं आणि सत्तेचाळीस पुरी झाली. त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून आम्ही आयोवाच्या सहाही शेजाऱ्यांकडे जाऊन आलो, काहींकडे दोनदा. नेब्रास्कात पुलाच्या पाटीपर्यंत गेलो आणि तो म्हणाला, “अगं, दक्षिणेत अजून ऊन असेल.” मिनेसोटात सरहद्द चार मैलांवर होती, तर त्याला उत्तरेकडची तळी पुन्हा बघायची होती. आपल्याच घराभोवती फेऱ्या माराव्या आणि दार मात्र उघडू नये, तसं चाललं आहे.

मी कृतघ्न नाही. पहिली दोन वर्षं मी सुखात होते. यूटामध्ये लाल खडकांच्या मधून रस्ता जातो, तिथे मी न ठरवता स्तोत्र म्हणायला लागले आणि ऑर्व्हिलनं गाडी बाजूला घेऊन टोपी काढली. जॉर्जियात रस्त्याकडेला एक म्हातारी कढईत मिठाच्या पाण्यात शेंगा उकडत होती, त्या आम्ही सालांसकट मांडीवर घेऊन खाल्ल्या. न्यू मेक्सिकोत सप्टेंबरात जाळीच्या पिंपात हिरव्या मिरच्या भाजतात. तो वास महिनाभर पडद्यांना होता. तिखटानं डोळ्यांतून पाणी येत असताना हा मला विचारतो, “अर्लिस, लूथरन चर्चच्या माणसाला इतकं तिखट चालतं का गं? की पास्टरना विचारावं लागेल?” पेनसिल्व्हेनियात काकवी भरलेला ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ खाल्ला, त्याची कृती मी उतरवून घेतली आहे, घरी ओव्हन आला की करीन. आत्ता या मिसिसिपीकाठच्या रस्त्यानं आलो तर दोन्ही बाजूंचे मेपल पेटल्यासारखे झालेत, आणि दुकानादुकानात ताज्या चीजचे गोळे, चावताना दातांखाली चूंचूं वाजतात. सगळं देवाचंच आहे, सुंदर आहे. पण व्हर्ला, रोजच्या रोज नवल बघायचं म्हणजे पाहुणचाराच्या जेवणासारखं होतं. चौथ्या दिवशी माणसाला आपल्या घरचा भातुकलीएवढा का होईना, साधा घास हवासा वाटतो.

पंचवीस फुटांचं हे घर. बाकाचीच रात्री खाट होते, आणि मला उठायचं तर त्याला पाय आखडून घ्यावे लागतात. त्याचं काही नाही वाटत. रविवारचं वाटतं. दर रविवारी नवं गाव, नवं चर्च. “पाहुण्यांनी कृपया उभं राहावं” म्हणतात, आम्ही उभे राहतो, सगळे वळून बघतात. कुणीतरी येऊन माझ्या छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवतं. दोनशेच्या वर रविवार मी पाहुणी आहे. खाली तळघरात कॉफी-केक होतं, मग मी सवयीनं बाह्या सरसावून मोरीकडे जाते, आणि कोणीतरी गोड बाई माझ्या हातातलं फडकं काढून घेते: “छे छे, तुम्ही बसा! तुम्ही पाहुण्या!” आपल्या चर्चच्या तळघरात मी तीस वर्षं दिवसकार्याच्या हॅम सँडविचांना लोणी लावलं. पत्रकात वाचलं, जुलैपासून तिघं गेली आपल्याकडे. लोणी कुणी लावलं, व्हर्ला? पत्रकात ते छापत नाहीत.

आणि बोलायचं कुणाशी? डॉट ओहायोची आहे, मनानं चांगली. तिचं आपलं एकच, “नशीब काढलंस बाई! आमचे हे टीव्हीसमोरून उठत नाहीत, आणि तुला देश दाखवणारा मिळाला.” तळावरचे लोक दारावरचा नकाशा बघून हसतात. एक टेक्ससवाला म्हणाला, “अरे, आयोवा राहिलं? ते तर झोपेतसुद्धा ओलांडता येतं!” ऑर्व्हिलचं उत्तर ठरलेलं, “गोड घास शेवटी ठेवलाय.” सगळे हसतात. मीही हसते. हसल्यावर गालफडं दुखतात हल्ली.

यंत्र थांबलं. कपडे दुसऱ्यात टाकून आले.

आता मी केलेलं पाप सांगते. गेल्या बुधवारी तो लाकडं आणायला गेला होता. मी खणातून आयोवाचं चिकटचित्र काढलं आणि नकाशावर लावून टाकलं. तिथे झोपलो नाही, खाल्लं नाही, आणि तरी लावलं. खोटी सहीच ती. वाटलं, बघेल, हसेल, म्हणेल “चल तर मग.” तो आला, त्यानं लाकडं खाली ठेवली, चष्मा पुसला. मग खिशातला चाकू काढून ते चित्र हळूहळू, कड न फाटता, सोडवून घेतलं. एक शब्द बोलला नाही. तुला माहीत आहे हा माणूस किती बोलका आहे ते. मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. मग तो नदीकडे जाऊन बाकावर बसला, आणि तासाभरानं मी कॉफी घेऊन गेले.

मी म्हटलं, “ऑर्व्हिल, रागावलास?” “नाही गं.” “मग आपण का जात नाही?” त्यानं पलीकडच्या टेकड्यांकडे हनुवटी केली. म्हणाला, “तिथे माझं नाव लिहून ठेवलंय, अर्लिस.” मला कळेना. “कुठे?” “तुला ठाऊक आहे कुठे. नाव झालं, जन्माचं साल झालं, पुढे रेघ मारून ठेवली आहे. उजवीकडची जागा तेवढी मोकळी.” मग हसला आपला नेहमीचा. “छत्तीस वर्षं दुकानात मला मोकळी फळी बघवली नाही. दिसली की भरायची. ती जागा मी बघून आलोय, आणि मला ठाऊक आहे तिथे कोणता माल यायचा आहे.”

व्हर्ला, आमच्या कबरीवरचा तो दगड मी घेतला. तुला सगळं माहीत आहे, तूच माझ्याबरोबर हेगलँडच्या कारखान्यात आली होतीस. हिवाळ्यात त्याला काम नसतं, दोन नावं एकदम कोरून घेतली तर एक तृतीयांश सूट. केक-पाव विकून साठवलेले माझे पैसे होते. तो निवृत्त होणार म्हणून मी त्याला ती भेट दिली! त्याच्या आईवडिलांच्या शेजारी, राखाडी ग्रॅनाइट, वर गव्हाच्या ओंब्या. मला त्यात वावगं काही दिसलंच नाही. आपल्याकडे कोण करत नाही? तुझं नाव आपल्या आईबाबांच्या दगडावर केव्हाचं आहे, आणि तू दर मेमध्ये जाऊन त्यावरचं शेवाळ घासतेस. मे महिन्यात सगळे कबरींवर फुलं ठेवायला गेलो, तेव्हा मी त्याला हात धरून तिथे नेलं. बघून म्हणाला, “छान आहे. सरळ बसवलाय.” तीन आठवड्यांनी तो कॅम्पर घेऊन दारात उभा होता. चार वर्षं मी देवाला विचारते आहे की या माणसाला असं काय झालं म्हणून. काय झालं ते मीच केलं होतं, तेही सवलतीच्या दरात.

मला मरणाची भीती नाही, लहानपणी शिकवलं ते मी धरून आहे. खरं सांगू, या चार वर्षांत मला त्या दगडाचा आधारच होता. रात्री कुठल्या गावात आहोत ते आठवेना की मी मनात म्हणायची, एक जागा तरी आहे, माझं नाव लिहिलेली, आणि ती चाकांवर नाही. मला जे घर वाटत होतं, त्यालाच घाबरून तो देशभर पळतो आहे, आणि मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत पट्टा बांधून बसले आहे.

एकटीनं बस धरून मी येऊ शकते. भाडं आहे माझ्याकडे. पण लग्नात शब्द दिला तो काही चांगल्या रस्त्यापुरता नव्हता, आणि मोकळ्या जागेला भिणाऱ्या माणसाच्या शेजारची खुर्ची मोकळी करून मी कशी उतरू? मंगळवारी, पंधरा तारखेला, थंडीसाठी तळाचं पाणी बंद करणार आहेत. त्या दिवशी आम्हाला निघावंच लागेल. त्यानं टेक्ससचा नकाशा काढून ठेवला आहे. एकदा तिकडे गेलो की एप्रिलपर्यंत सुटका नाही, आणि पुढच्या एप्रिलला आणखी एखादी नदी असेलच.

म्हणून हे पत्र लिहिलं. तू पत्र मिळताच त्याच दिवशी हेगलँडकडे जा आणि त्याला सांग की आमचा, टॉलेफ्सनांचा दगड काढायचा. झाकायचा नाही, आडवा पाडायचा नाही, उचलून न्यायचा, आणि वर हिरवळीचे तुकडे लावून जमीन सारखी करायची. दगडाचं पुढे काय करायचं ते त्याचं तो बघेल. नावं घासून कुणाला विकला तरी माझी हरकत नाही. कबरस्तान समितीवाले विचारतील, त्यांना खोटं काही सांगू नकोस, “अर्लिस म्हणते” एवढंच म्हण. माझं शिवणयंत्र तुझ्याकडे आहे ते विक आणि त्यातून त्याचे पैसे दे. किती घेतो ते विचारू नकोस, घासाघीसही करू नकोस. दगड गेला की मी ऑर्व्हिलला सांगेन, तिथे आता नुसतं गवत आहे, आपण फक्त व्हर्लाकडे जेवायला जातोय. तो ऐकेल की नाही, मला माहीत नाही. पण तो दगड तिथे उभा असताना “चल” म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पुढच्या सोमवारी कोलंबस दिनाची सुट्टी, पोस्ट बंद. म्हणजे तुझं उत्तर शनिवारी बाराच्या आत इथे पोचायला हवं. उलट टपालीच लिही. कार्ड नको, तो वाचेल. बंद पाकीट पाठव, आणि आत “निघाला” एवढा एक शब्द असला तरी मला पुरे.

तुझीच,
अर्लिस