न जुळलेले फर्मे आणि बाकीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्याऐंशी, धंदा जोडे शिवण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. अशा कागदात ‘स्वस्थ चित्ताने’ असं लिहायची पद्धत आहे. माझं चित्त ठिकाणावर आहे, स्वस्थ मात्र अजिबात नाही. कारण पुढे येईल.

१. राहतं घर थोरल्याला आणि धाकटीला निम्मं-निम्मं. वाटणीवरून भांडायचं असेल तर खुशाल भांडा. तुमच्या वडिलांशी मी याच घरात चाळीस वर्षं पोटभर भांडले, आणि ते गेल्यावर मला सगळ्यात जास्त उणीव त्या भांडणांचीच भासली.

२. बँकेतली शिल्लकही तशीच. त्यातून माझा मोठा फोटो करून भिंतीवर लावू नये. फोटोत मी नेहमी पकडल्यासारखी दिसते.

३. रस्त्याकडची कामाची खोली, मशीन, चामडं कापायची रापी, टोचायच्या आऱ्या आणि उरलेले फर्मे थोरल्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला. तिची शिवण अजून वाकडी येते, पण ती येते आणि बसते.

‘उरलेले’ का, तेही लिहिते. गेल्या महिन्यात मला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी आशा सोडली आणि थोरल्याने लगेच माझी कामाची खोली आवरायला घेतली. फर्मे म्हणजे पावलांचे लाकडी साचे. गिऱ्हाइकाचे पाय मापून मी ते स्वतः तासले होते. त्याने डावे-उजवे जुळवून पाहिले आणि जे जुळले नाहीत ते भंगारात दिले. मी घरी आल्यावर वर कौतुकाने सांगतो, “आई, सगळी सरमिसळ झाली होती. मी नीट जोड्या लावून ठेवल्यात.”

अरे शहाण्या, कोणाचीही दोन पावलं सारखी नसतात! जुळले ते बाजारातून आणलेले होते. दिलेस ते माझ्या गिऱ्हाइकांचे. त्यात तुझेही होते. लहानपणीच्या आजारानंतर तुझं डावं पाऊल बोटभर लहान राहिलं. बाहेरून दोन्ही बूट सारखे दिसावेत म्हणून मी डाव्यात आतून भर घालत आले. दुकानातले बूट चावतात म्हणत तू माझ्याकडेच येत राहिलास, आणि पन्नाशी उलटली तरी तुला पत्ता नाही.

४. भाषणाविषयी. इस्पितळात मी डोळे मिटून पडले होते, कान उघडे होते. थोरला धाकटीला शोकसभेचं भाषण वाचून दाखवत होता. “आईने आमच्यासाठी आयुष्य झिजवलं. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही.”

धाकटी रडत म्हणाली, “दादा, सोशिक होती असंही घाल ना.”

मी सोशिक? हातात रापी घेऊन वीज तोडायला आलेल्या माणसाला जिना उतरायला लावलं, ती मी. आणि मागितलं नाही? दर रविवारी मागितलं. या, बसा जरा. तुम्हाला नेहमीच घाई. आणि झिजले तर मुळीच नाही. मला ते काम आवडायचं. तुम्ही नसतात तरी मी जोडेच शिवले असते. तुम्ही होतात म्हणून शिवताना गुणगुणत होते, एवढाच फरक.

सबब, वरील भाषण जो करेल त्याचा घरातला हिस्सा नातीला जाईल.

५. हे वाचून नात म्हणाली, “आजी, मग बाबांनी बोलायचं तरी काय?”

मला विचारावं. मी चिडेन, मध्येच डुलकी घेईन, पण सांगेन. बाकीचं मृत्युपत्र मी गेल्यावर लागू होईल. हे कलम आजपासून लागू आहे.

सही: जोडेवाली आजी

साक्षीदार:
१. समोरचे चष्मेवाले (सही). बाई पूर्ण शुद्धीवर होत्या, आमच्यावर दोनदा ओरडल्या.
२. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही).

ठिकाण: कामाची खोली
दिनांक: १४ मार्च, रविवार