इतातीची जागा

३ मार्च
अर्जेंटिनातल्या कोरिएन्तेसमध्ये नोकरी लागली एकदाची! बसमध्ये पुढचा थांबा सांगणारी यंत्रणा बनवणारी छोटीशी कंपनी. माझी ताई, इताती, इथेच होती. गेल्या हिवाळ्यात नदीने तिला नेलं. बसमधला आवाज तिचाच होता. ती गेल्यावर तो काढून टाकला. तिने पायथन या संगणकभाषेत लिहिलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, मात्र तिच्या आवाजासकट अजून आहे, नावही ‘इताती’च. आई तेव्हापासून कुणाशीच बोलत नाही. तिला तो आवाज ऐकवायचा, म्हणून तर मी आले.

इथली माणसं लाघवी आहेत. ‘माते’चा कडू चहा वाळक्या भोपळ्याच्या एकाच पेल्यातून सगळ्यांत फिरतो. भोपळा परत देताना ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हटलं की फेरीतून बाहेर, पुन्हा भरून मिळत नाही. मी मुकाट्याने पीत राहिले. पोट डब्ब झालं.

५ मार्च
लायब्ररी इम्पोर्टच होईना, माझ्या प्रोग्रॅममध्ये येईचना. पुन्हा इन्स्टॉल केली, नवं एन्व्हायर्नमेंट उभारलं, पायथनची आवृत्ती बदलली. उत्तर एकच: ‘इताती’मध्ये आवाज सापडत नाही. अगदी रडकुंडीला आले.

९ मार्च
ऑफिसात शेजारी बसणारा वेन्सेस पोट धरधरून हसला. म्हणाला, अगं शहाणे, तुझ्या सरावाच्या फाइललाही तू ‘इताती’च नाव दिलंयस! पायथन आधी जवळचं बघतो. घरातच एक मिळाल्यावर दुसरीला शोधायला बाहेर कोण जाईल?

मायेने दिलेलं नाव, आणि मीच ताईची वाट अडवून बसले होते. माझी फाइल पुसली. लगेच ताई बोलली, “कृपया जागा द्या.” बसमधलंच वाक्य. मी ढसाढसा रडले.

१० मार्च
वेन्सेसने मला इताती म्हणून हाक मारली. चेष्टा असेल. माझी खुर्ची ओली होती. नदीचा वास.

११ मार्च
आईचा फोन. बोलली! हसली! म्हणाली, इताती, लवकर ये गं, चिपाचे पाव गरम आहेत. म्हटलं, आई, मी मिर्ना. तिने विचारलं, कोण मिर्ना?

१२ मार्च
माझी फाइल परत ठेवली तर ताईची वाट पुन्हा अडेल, सगळं थांबेल. कळतंय मला. पण आईचं ते हसू—

ताई मागे उभी आहे. केसांतून पाणी— वहीवर थेंब—

भोपळा माझ्या हातात आलाय. ताई, आईला जप. चिपा गार होतील, धावत जा. मी देतेय परत—

ग्रासि