बांधावरची रानभेंडी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ डिसेंबर १९५३

ती. सौ. आक्कास, शि. सा. न. वि. वि.

परवा अण्णासोंच्या गुऱ्हाळात त्यांच्या पोरीनं, चंदनानं, उकळत्या रसात रानभेंडीचं चिकट पाणी ओतलं. सगळी मळी फुगून वर आली, खाली रस लख्ख झाला, आणि त्याच क्षणी माझं कॉलेज सुटलं. आज तिथलं नाव काढून आलो. अप्पा ओरडले, शिकून जळण ओढणार काय? म्हटलं, व्हय.

अण्णासोंना सरळ मागणी घातली. म्हणाले, पावणं, आधी हंगामभर राबा, मग पोरीचं बोलू. म्हणजे झालंच की! तू लुगडं काढून ठेव.

लोभ आहेच, जरा वाढव.
तुझा वर्धमान

गडहिंग्लज
२० डिसेंबर १९५३

चि. वर्धमान यास आक्काचे पुष्कळ आशीर्वाद.

अण्णासो 'राबा' म्हणाले, 'देतो' म्हणाले नाहीत, हे तुझ्या दाजींनी लगेच ओळखलं. पोरीनं तुझ्याकडं एकदा तरी बघितलं का, ते लिहायचं विसरलास. काम सावकाश कर. घाई तुझ्या अंगातच आहे.

रागावलास तरी पत्र टाक.
आक्का

कोल्हापूर
७ जानेवारी १९५४

ती. सौ. आक्कास, नमस्कार.

बघितलं की! कसं ते ऐक. काल गडी आला नव्हता, म्हणून भेंडी आणायला मी गेलो. लोक चार खोडं विळ्यानं कापून आणतात, मी अख्खा बांध उपटला. गाडीभर! बियांची बोंडं गड्यांनी चुलवाणाच्या जाळात सारली. चंदना मुळांकडं बघत राहिली. म्हणाली, मूळ ठेवलं की दरसाल पावसात तीच फुटते, तुम्ही पुढच्या हंगामाची भेंडीच संपवलीत.

अण्णासो म्हणाले, ह्या पावण्याला वाटेला लावा. मी तापलो, पुन्हा उभी करून दाखवतो म्हटलं. तेव्हा चंदनाच बापाला म्हणाली, दिवाळीपर्यंत मी थांबते. बांधावर फुलं दिसली तर ह्यांच्या घरी जाईन, न्हाय तर तुम्ही सांगाल तिथं.

आक्का, 'थांबते' म्हणाली! तुमच्या माळावरचं बी धाड.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
वर्धमान

गडहिंग्लज
२४ मे १९५४

चि. वर्धमान यास आशीर्वाद.

बी दाजींनी गोळा केलं. बोंडांच्या कुसांनी हात दोन दिवस खाजत होते, तुझा उद्धार चालू होता. पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी दिसते.

अप्पांचं पत्र आलंय. जूनमध्ये पुन्हा कॉलेजात जा, नाहीतर घरात जागा नाही. मी काही सांगत नाही. जे करशील ते त्यांच्या तोंडावर सांगून कर.

काळजीत, तरी तुझीच,
आक्का

कोल्हापूर
९ जून १९५४

ती. सौ. आक्कास, नमस्कार.

तोंडावर सांगितलं. अप्पा म्हणाले, गेलास की परत यायचं नाही. पाया पडलो तर पाय मागं घेतले. माईनं एवढंच विचारलं, तिथं निजायला आडोसा हाय काय? हाय म्हटलं.

दिवाळीला फुललं नाही तर काय, असं विचारू नकोस. फुलणार. रोज बांधावर मीच असणार.

आता लोभ अण्णासोंच्या गुऱ्हाळाच्या पत्त्यावर पाठव.
वर्धमान

ता. क. हे ओट्यावर उभा राहून लिहितोय. निघताना अप्पांनी मान वर केली नाही. बाहेर आलो आणि दार मीच ओढून घेतलं.