शिक्रा की पावशा

प्रिय ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहूनही ते फाडून फेकलं नसलंस, तर तुझे उपकार. त्या बैठकीनंतर तू माझा फोन उचलत नाहीस, आणि तक्रार करायला मला तोंडही नाही. अप्पांच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. घर विकत घेणारे उद्या येणार, म्हणून भांडी खोक्यांत भरायला आलो होतो. एक वाटीसुद्धा भरलेली नाही. मागच्या खिडकीपाशी बसलो आणि बसूनच राहिलो, कारण परसातल्या भिंतीवर तो आला होता. ज्याच्यावरून आपल्या घरात एवढं रामायण झालं, तोच.

राखी पाठ, छातीवर तांबूस आडव्या रेघा. अंगापिंडानं शिक्रा आणि पावशा इतके सारखे, की लहान पक्षीसुद्धा फसतात. एक शिकारी, दुसरा कोकिळेच्या कुळातला, अळ्या खाणारा, उगाच दरारा बाळगून असलेला. अप्पांनी तुला-मला याच खिडकीत शिकवलं होतं: रंगाला भुलू नका, पाय बघा. पावशा चोचीनं टिपतो. शिक्रा पायांत धरून फाडतो. आज त्याच्या पायाखाली सरडा होता. एक पाय सरड्यावर रोवून, मान खाली घालून तो निवांत लचके तोडत होता, शेजारची मांजर बघत असताना.

अप्पांना वृद्धाश्रमात पाठवायचं ठरवणारी ती बैठक तुला पुन्हा सांगायला नको, पण मला सांगू दे. काका, आत्या, भाऊजी, तू, आणि मधल्या खुर्चीत अप्पा. न्हाणीघरात ते पडले होते, हे खरंच होतं. पण तेवढ्यानं तुमच्यापैकी कोणी हललं नसतं, हेही मी ओळखून होतो. एक मुद्दा कमी पडत होता. तो अप्पांनीच आणून दिला. म्हणाले, “मी कुठे जाणार? माझा शिक्रा रोज येतो परसात.” मी उठून पक्ष्यांचं पुस्तक आणलं, दोन चित्रं शेजारी शेजारी धरली आणि सभेत बोलावं तसा बोललो. शहराच्या मध्यावर, दोन भिंतींच्या बोळात शिकारी पक्षी? ज्याला भिंतीवरचा पक्षी ओळखू येत नाही, त्याला गॅस चालू की बंद हे कसं कळणार? आयुष्यभर लोकांचे डोळे तपासलेल्या माणसाला मी हे विचारलं, ठमे. आत्या हसली. काकांनी मान डोलावली. तू एकटीच म्हणालीस, “दादा, त्यांचं बरोबर असलं तर?” आणि मी म्हणालो, “ही भावना झाली, मुद्दा बोल.” तू उठून गेलीस. अप्पा एकदाच म्हणाले, “अरे, पाय बघितलेस का?” मग नुसतं, “बरं बाबा. तू म्हणतोस तर पावशा.”

गेल्या आठवड्यात मी झोपडीवाल्यांच्या सभेत गरजलो: माणसाला त्याच्या उंबऱ्यावरून उठवण्याचा हक्क कोणाच्या बापाला नाही! टाळ्या थांबेनात. त्या वाक्यावर आजही माझा विश्वास आहे, म्हणूनच ते मलाच टोचतंय. सभेहून परस्पर अप्पांना भेटायला वृद्धाश्रमात गेलो. खोली स्वच्छ, खिडकीबाहेर गाड्या उभ्या करायची जागा. मी तिथल्या सोयींवर बोलत होतो, ते हो हो करत होते. निघताना तिथली बाई हळूच म्हणाली, “बाबांना सांगा ना जरा. उठल्या उठल्या बाहेरचे बूट घालून बसतात, जेवतानाही काढत नाहीत. घ्यायला येणार आहेत, म्हणतात.” इतका वेळ मी त्यांच्यासमोर बसलो होतो आणि त्यांच्या पायांकडे पाहिलंही नव्हतं.

आता जे माझ्याशिवाय तुला कोणीच सांगू शकणार नाही, ते. बैठकीत तुम्हा सगळ्यांची पाठ खिडकीकडे होती, अप्पांचीसुद्धा. तोंड फक्त माझं होतं. पुस्तक हातात धरून बोलत असताना तो भिंतीवर उतरला. पायात चिमणी होती. मला दिसलं, समजलं, आणि मी बोलत राहिलो. कारण मी जिंकत होतो.

घर घेणाऱ्यांना मघाशीच नाही म्हणून कळवलं. मी इथे राहायला येतोय, न्हाणीघराबाहेर पहारा द्यायला. पत्र लिहायचं कारण इतकंच: त्याच सगळ्यांना रविवारी याच खोलीत बोलाव. माझ्या बोलावण्यानं आले, तर पुन्हा माझंच ऐकायला येतील. त्यांच्यासमोर मी दोन वाक्यं बोलेन आणि खाली बसेन. मग तू काय वाटेल ते बोल, मी मध्ये तोंड उघडणार नाही. पण त्याआधी सकाळी माझ्याबरोबर अप्पांना आणायला चल. एकटा गेलो तर दारातच भाषण सुरू करीन. त्यांना तयार व्हायला वेळ लागणार नाही. बूट घातलेलेच असतील.

तुझाच, वादात कधी न हरलेला,
दादा