फोन न करण्याचं कारण

परळ, मंगळवार

ती. आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते. दीपक, आईला सगळं वाचून दाखव, एक ओळही गाळू नकोस.

आठवडाभर फोन केला नाही, कारण माझा आवाज बसलाय. घाबरू नकोस, डॉक्टरांनी दहा दिवस बोलायचं नाही म्हटलंय, एवढंच. वर्ग सोडून जावं लागू नये म्हणून मी दिवसभर पाणी पीत नव्हते, आणि वर शिकवताना ओरडत होते. जेवले, असं तुला सांगायचे तेही खोटं. मधल्या सुट्टीत वह्या तपासायचे.

नोकरी अजून कायम नाही, म्हणून रजा मागायला भ्याले. आमच्या शाळेतल्या परुळेकर बाई म्हणाल्या, "मग वर्गात गप्प बस गो. पोरांना बोलू दे की जरा."

मी फळ्यावर गणित लिहिलं आणि खडू मुलांना दिला. तीच एकमेकांना अपूर्णांक समजावू लागली. मुख्याध्यापिका दारातून बघत होत्या; मी खडू परत घ्यायला पुढे झाले. त्या म्हणाल्या, "आवाज परत आला तरी असंच शिकवा."

आता पाण्याची बाटली टेबलावर असते. डबा बाईंबरोबर खाते, खरंच.

तुझा गुडघा कसा आहे? शुक्रवारी फोन करीन. तू बोल, मी ऐकेन.

तुझी,
मेघना