येथे थुंकू नये

४ मार्च
बायकोला, गेउआला, दिवस गेल्यापासून घरची स्वच्छता माझ्याकडे. पाणी उकळूनच प्यायचं. तिचा साबण वेगळा. सुपारी बंद. समुद्रात खांबांवर उभं असलेलं आमचं आख्खं हनुआबादा गाव सुपारी-चुना खातं आणि घराच्या फळ्यांच्या फटीतून खाली समुद्रात लाल पिंका टाकतं. माझं बाळ त्यात जन्मणार नाही. 'येथे थुंकू नये' अशी पाटी रंगवून भिंतीला ठोकली. शाळा आठवीत सुटली, स्पेलिंग सुटलं नाही.

११ मार्च
सासूबाई पाटीखालीच थुंकल्या. वर म्हणाल्या, "इन्स्पेक्टरसाहेब, पकडा की!" दुर्लक्ष केलं.

१९ मार्च, सकाळ
गेउआ चोरून सुपारी खाते. पुरावा: टूथब्रश लाल. म्हणाली, देवाशपथ नाही रे, हिरड्या दुखतात. खाणारे सगळे हेच सांगतात. आजपासून रोज ब्रश तपासणार.

२ एप्रिल
यश. ब्रश पांढराशुभ्र, अगदी कोरडा. घरात लाल थेंब नाही. गेउआ तोंड मिटूनच असते, बोलणंही कमी. शिस्त लागली. दवाखान्यात हिरड्या दाखवू म्हणते. डाग आहेत, जातील. शिवाय तिथले बाक घाण.

१० एप्रिल
तिच्या तोंडाला वास येतो. सुपारीचा नाही. काहीतरी नवीन खात असावी. सासूबाई म्हणाल्या, "वागी, पोरीच्या तोंडाचा रोज वास घेतोस. पोटावर कधी हात ठेवलास?" हात धुतलेले नव्हते, म्हणून नाही ठेवला.

१७ एप्रिल, दुपार
अजून दोन महिने होते. कळा सुरू. सासूबाईंनी तिला धरून लाकडी पुलावरून आणलं. मी पुढे जाऊन टॅक्सीची सीट पुसली.

१८ एप्रिल
मुलगी. काचेच्या पेटीत आहे. नर्सने गेउआचं तोंड उघडून पाहिलं. म्हणाली, "अगं, हे रक्त आहे! हिरड्या पिकल्यात. थुंकत नव्हतीस का?" गेउआ म्हणाली, गिळत होते. मी विचारलं, म्हणून बाळ लवकर आलं का? नर्स म्हणाली, "होतं असंही कधी. नक्की कोण सांगणार?"
नक्की नाही. लिहून ठेवतो: नक्की नाही.

२१ एप्रिल
पेटी रिकामी झाली. पुसून ठेवली आहे. स्वच्छ.
गेउआने भांडं मागितलं. मी तोंडाशी धरलं. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, थुंकू का?