हौदाची किल्ली

जैसलमेर, ११ मे १९८६

सौ. महानंदास शरणु.

मी खुशाल आहे, जेवणखाण ठीक आहे. काल अभयारण्यात दिवसभर उन्हात फिरलो. एकच माळढोक दिसला, तोही पाठमोरा. पाय लई दुखायलेत. आपल्या नव्या लातूर जिल्ह्यात संग्रहालय काढायचं म्हणून आम्हा मास्तरांना इकडं धाडलं, पण आता काही बघायचं त्राण उरलं नाही.

म्हाताऱ्या अव्वाचा खोकला कसा आहे? टँकर आला का?

आज एका गावच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात काचेआड एक गंजकं कुलूप पाहिलं. पूर्वी इथले लोक पाण्याच्या टाक्याला लावायचे म्हणे. मी मोठ्यानं हसलो. मग घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, तर आपल्या हौदाची किल्ली हाती आली. निघताना देवळीत ठेवायची राहूनच गेली.

सहा दिवस झाले. कुठून पाणी भरायलीस? मला विचारल्याबिगर तू कशाला हात लावत नाहीस, हे आठवलं आणि तसाच पत्र लिहायला बसलो.

दगडानं कुलूप फोड. पहिली घागर शेजारच्या गौरम्माला दे. ती पाणी नेईल म्हणूनच मी ते लावलं होतं.

तुझा,
वीरण्णा